क्रूझ बुक करताय? त्या वीकेंडला बोटीवर कोणाची पार्टी आहे ते आधी विचारा

आधीच सांगते, बोट वाईट नव्हती. केबिन स्वच्छ, बाथरूम छोटं पण चकाचक, जेवण तर अपेक्षेपेक्षा बरंच चांगलं, जैन काउंटर वेगळं, आणि स्टाफ इतका गोड की त्यांच्यावर चिडायला पण लाज वाटावी. तरी मी पाचपैकी दोनच स्टार देतेय आणि त्यातला दीड स्टार स्टाफचा आहे. कंपनीचं नाव घेत नाही, एक तर मेलामेली अजून चालू आहे आणि दुसरं म्हणजे हा प्रकार एकाच कंपनीपुरता नाहीये, क्रूझच्या धंद्यातच हे असं चालतं हे मला नंतर वाचून कळलं.

तर बॅलार्ड पियरवरून सुटणारी मुंबई-गोवा-मुंबई वीकेंड ट्रिप. मी, नवरा, आठवीतली लेक आणि सासूबाई. आमच्या सेलिंगला, म्हणजे त्या फेरीला, अर्धीअधिक बोट एका इव्हेंटवाल्यांनी उचलली होती, थीम नव्वदचं बॉलीवूड, म्हणजे डेनिम जॅकेटं, भडक गॉगल, पोल्का डॉट आणि प्रत्येकाच्या मनगटाला अंधारात चमकणारा हिरवा बँड. थीमबद्दल माझी तक्रार शून्य, ती गाणी आमच्याच कॉलेजच्या गॅदरिंगची, मी पण नाचले असते की! पण आमच्याकडे तो हिरवा बँड नव्हता ना. आणि हे असं काही असणार हे बुकिंगच्या वेळी कोणी म्हणजे कोणी बोललं नाही, ना वेबसाइटवर, ना एजंट, ना व्हॉट्सॲपवर आलेल्या त्या रंगीत पीडीएफमध्ये. कळलं कधी, तर टर्मिनलवर बॅगा स्कॅनिंगला टाकताना, कारण बाजूला त्यांचं वेगळं काउंटर, फुगे, सेल्फीसाठी कमान आणि एक ढोलवाला.

बोट सुटायच्या आधी लाइफ जॅकेटची ड्रिल होते, ती सगळ्यांना सक्तीची. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट बुडाली त्यानंतर ही ड्रिल बोट सुटायच्या आधीच उरकायची पद्धत पडली. तेवढी वीसेक मिनिटं काय ती बँडवाले आणि बिनबँडवाले एका रांगेत उभे होते, त्यानंतर नाही.

मुंबई बंदरातून बोट बाहेर पडतानाचा वेळ हा या ट्रिपचा सगळ्यात भारी भाग, हे जाऊन आलेला प्रत्येक माणूस सांगतो आणि ते खरं आहे. नेव्हल डॉकयार्ड मागे पडतं, मग ताज आणि गेटवे पाण्याच्या बाजूने दिसतात, जे आपण मुंबईत जन्म काढून कधी नीट बघितलेले नसतात, मग कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्स लाइटहाउस, आणि पुढे उजेड असेल तर खांदेरी. हे सगळं बघायची जागा म्हणजे वरचा पूल डेक, स्विमिंग पूल असलेला मजला. आणि तिथे नेमकं साउंड चेक! अर्ध्या डेकला दोरी, जमिनीवर जाड वायरी पसरलेल्या, आणि स्पीकरमधून सतत "हॅलो चेक, वन टू, चेक". नवरा लेकीला खांदेरी किल्ल्याची गोष्ट सांगायचा प्रयत्न करत होता, कान्होजी आंग्र्यांपर्यंत पोचला आणि तेवढ्यात त्यांनी बेस चालू केला, मग पोरीला फक्त बाबांचे हातवारे दिसले. ती म्हणे घरी गेल्यावर सांगा.

पण डोकं फिरलं ते संध्याकाळी. केबिनमध्ये रोज एक कागद येतो, आज कुठे काय आहे त्याचा. त्यावर स्पष्ट छापलेलं, मेन थिएटर, साडेसात, म्युझिकल शो. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही वीस मिनिटं आधीच निघालो, लिफ्टला ही गर्दी, शेवटी पोचलो तर दारात दोरी आणि टॅब घेतलेला एक मुलगा. "मॅम, बँड?" मी म्हटलं कसला बँड, कागद बघ तुमचा. तो म्हणे आज प्रायव्हेट इव्हेंट आहे, तुमच्यासाठी हाच शो उद्या सकाळी अकराला ठेवलाय. आता गंमत बघा, उद्या सकाळी अकराला बोट मुरगावला लागलेली असणार आणि कंपनीकडूनच बुक केलेल्या टूरवर आम्ही मंगेशीच्या देवळात असणार. हे मी त्याला सांगितलं तर बिचारा टॅबकडेच बघत बसला, त्यात तरी काय लिहिलेलं असणार. आमच्या मागे आणखी लोक जमले, पुण्याचं एक रिटायर्ड जोडपं, एक गुजराती फॅमिली आज्जी-आजोबांसकट, सगळ्यांच्या हातात तोच कागद. आतून शिट्ट्या आणि टाळ्या ऐकू येत होत्या. पुण्याचे काका म्हणाले, "म्हणजे अर्धं भाडं परत देणार का?" कोणी उत्तर दिलं नाही.

जेवणाचं पण तेच. मेन डायनिंगची पहिली पंगत ग्रुपला, आम्हाला साडेनऊची दुसरी. आम्ही घरी सव्वाआठला जेवतो आणि सासूबाईंना शुगर आहे, त्यांना नऊनंतर ताटकळत ठेवून चालत नाही. शेवटी वर बुफेला जाऊन त्यांच्यापुरतं वरण-भात घेतलं आणि मग नऊ-साडेनऊला आम्ही तिघं खाली. एका टेबलावर बसून जेवायला क्रूझवर गेलो होतो, आणि जेवलो दोन मजल्यांवर.

पूल? लेकीने नवीन स्विमसूट घेतला होता, त्याचं लेबल काढलं एवढंच. दुपारी चारनंतर पूल पार्टीसाठी बंद, दुपारपर्यंत आम्ही गोव्यात, रात्री तर विचारूच नका.

रात्रीचं सांगते. आमची केबिन बरोब्बर पूल डेकच्या खाली. हे आम्हाला काय माहीत, डेक प्लॅन, म्हणजे बोटीच्या मजल्यांचा नकाशा, असं काही असतं आणि ते बघून केबिन निवडायची असते हे आम्ही कोणाकडून ऐकलं असणार? गाणं ऐकू येत नव्हतं, गाणं ऐकू आलं असतं तर परवडलं असतं. नुसता बेस. धप, धप, धप, छतातून गादीत आणि गादीतून दातात. ग्लासमधलं पाणी थरथरत होतं. दीड वाजता नवरा रिसेप्शनला गेला तर त्यांनी अजिबात वाद न घालता खणातून इअरप्लगची पाकिटं काढून दिली, खण भरलेला होता. म्हणजे त्यांना माहीत होतं हो! इअरप्लग मागवून ठेवण्याइतकं आधी माहीत होतं, फक्त आम्हाला सांगण्याइतकं नव्हतं. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त कशाचा राग आला असेल तर त्या खणाचा.

आता स्टाफचा दीड स्टार. आमचं हाउसकीपिंग करणारा मुलगा देवगडचा निघाला, सासूबाईंचं माहेर तिकडचंच, मग काय, तो त्यांना आजी म्हणायला लागला आणि त्या त्याला लग्न कधी करणार विचारायला लागल्या. त्याने हळूच सांगितलं, "काकू, सकाळी सहाला वर जावा, ती लोकं चारला झोपतात, डेक सगळा तुमचा." गेलो. पूलवर जाळी टाकलेली, खुर्च्यांवर चमकी सांडलेली, पण माणूस नाही, आणि डाव्या हाताला लांब कोकणची किनारपट्टी आणि तिच्यामागून वर येणारा सूर्य. सासूबाई लग्नाआधी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने जायच्या, बोट बंदरात आत जायची नाही, मग समुद्रातच होडक्यात उतरायचं, सामान, पोरं, आंब्याच्या पेट्या सगळं त्यातच. त्या म्हणाल्या, "आमच्या बोटीत लोकांच्या कोंबड्या पण असायच्या गं, पण अमुक ठिकाणी येऊ नका असं कोंबड्यांना पण कोणी सांगितलं नाही." मी तिथे इतकी हसले की रात्रीची निम्मी झोप भरून निघाली.

आणि अगदी न्यायाने सांगायचं तर परतीच्या रात्री एक गोष्ट मस्त झाली. क्रूझच्याच स्टाफने एका छोट्या लाउंजमध्ये अंताक्षरी ठेवली होती, सगळ्यांना खुली. ग्रुपवाले पण आले, पुण्याचे काका पण आले, आणि त्या डेनिमवाल्या मुलींनी सासूबाईंना आपल्या टीममध्ये ओढून नेलं. धमाल झाली. म्हणजे माणसं वाईट नव्हतीच, त्यांनी पैसे भरले, त्यांना जे कबूल केलं होतं ते त्यांना मिळालं. तीच थीम, तेच लोक, फक्त दाराला दोरी नाही, तर आम्ही पण खुश आणि ते पण. मग पूर्ण ट्रिपमध्ये असं एकदाच का?

घरी येऊन मी जरा वाचलं. क्रूझवर अशा थीम पार्ट्या तीन तऱ्हेने होतात. एक म्हणजे आख्खी बोटच भाड्याने, फुल चार्टर. अमेरिकेत फ्लोरिडाहून सेव्हन्टी थाउजंड टन्स ऑफ मेटल म्हणून मेटल म्युझिकवाल्यांची क्रूझ २०११ पासून जाते, तिथे बोटीवर येणारा प्रत्येक माणूस त्यासाठीच आलेला असतो, बाकी कोणाला तिकीटच नाही, मग कोणाच्या झोपेचा प्रश्न येत नाही. दुसरं म्हणजे क्रूझ कंपनीने स्वतः ठेवलेली थीम, डिस्नेच्या बोटींवर मार्व्हलचा दिवस, हॅलोविन असं असतं, ते कुठल्या सेलिंगला आहे ते आधी जाहीर करतात आणि सगळ्या पॅसेंजरना तिकिटातच मिळतं. नको असेल त्याने दुसरी तारीख घ्यावी. आणि तिसरं हे आमच्यासारखं अर्धवट, ग्रुप अमुक इतक्या केबिन घेतो, सोबत थिएटर, पूल, लाउंज ठराविक वेळेसाठी बुक करतो, आणि उरलेल्या केबिन आपल्याला नेहमीच्या भावात विकल्या जातात. कंपनीला हे परवडतं हे उघड आहे, एका फटक्यात इतक्या केबिन गेल्या, वर पार्टीवाले बारवर खर्च करणार, जो तिकिटात धरलेला नसतो. सासूबाई बारवर काय खर्च करणार, त्यांनी एक लिंबू सरबत घेतलं आणि त्याची किंमत बघून परत करायला निघाल्या होत्या.

कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की टर्म्समध्ये लिहिलंय, कार्यक्रम आणि सुविधांमध्ये बदल करायचा हक्क आम्ही राखून ठेवलाय. असेल लिहिलेलं. पण ऐनवेळी वादळ आलं म्हणून शो रद्द करणं वेगळं आणि आधीच विकलेलं थिएटर आम्हाला परत विकणं वेगळं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे त्यात सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे त्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवून ठेवणं हे पण धरलंय. आणि तक्रार करायला कंपनीच्या ऑफिसच्या गावाला जायला लागत नाही, आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. त्याच्याआधी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मी तिथे तक्रार नोंदवली, फोन उचलतात, मराठीत पण बोलता येतं. तो छापील कागद, दारावरच्या बोर्डाचा फोटो, बुकिंगची पीडीएफ हे सगळं जपून ठेवा, आम्ही ठेवलं कारण नवऱ्याला कुठलाच कागद टाकवत नाही, एरवी मी त्यावरून भांडते.

तर ज्यांना जायचंय त्यांनी जा, बोटीतून मुंबई एकदा बघाच. पण पैसे भरायच्या आधी सरळ मेलवर विचारा, फोनवर नाही, की या तारखेला बोटीवर कुठला ग्रुप किंवा इव्हेंट आहे का, असेल तर थिएटर आणि पूल कधी कधी बंद आहे, आणि जेवणाची पंगत कुठली. लेखी उत्तर दिलं नाही तर समजून जा. नवरात्र, होळी, व्हॅलेंटाइन, थर्टीफर्स्ट या तारखांना तर विचारायची पण गरज नाही, काहीतरी असणारच, तुम्हाला तेच हवं असेल तर बेस्ट. केबिन घेताना डेक प्लॅन मागा, आणि वर-खाली दोन्हीकडे केबिनचेच मजले असतील अशी मधली घ्या, पूल, क्लब, थिएटर यांच्या लगतची नको, मग समुद्र दिसला नाही तरी चालेल. घरात म्हातारं माणूस किंवा लहान बाळ असेल तर हे जास्तच.

आम्हाला नुकसानभरपाई म्हणून काय मिळालं? कूपन. पुढच्या क्रूझवर सवलत, तीन महिन्यांत वापरायचं, कॅश नाही. मी उलट विचारलं की या तीन महिन्यांत कुठल्या सेलिंगला ग्रुप नाहीये त्याची यादी द्या, मग बघते. त्यावर "आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क साधू" असं आलंय, आणि त्यानंतर रोज त्यांचे मेल येतात, सगळे नवीन थीम क्रूझच्या जाहिरातीचे.