ग्राऊससाठी कुठली बंदूक घ्यावी: पंप, ऑटो की ओव्हर-अंडर?

अमेरिकेतल्या मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या पट्ट्यात राहून पहिल्यांदाच रफ्ड ग्राऊस या रानपक्ष्याच्या शिकारीला जायचं म्हणणाऱ्यांसाठी लिहितोय, म्हणजे ज्यांचं बजेट एकाच बंदुकीचं आहे आणि दुकानात शिरल्याबरोबर ज्यांच्या हातात १२ गेजची २८ इंची लांबलचक बंदूक ठेवली जाते त्यांच्यासाठी. ब्रिटनमधलं १२ ऑगस्टला सुरू होणारं रेड ग्राऊसचं प्रकरण पूर्ण वेगळं, तिथे हाका घालून पक्षी तुमच्या दिशेने आणतात, तुम्ही एका जागी उभे. त्याचे सल्ले वाचून इथली बंदूक घेऊ नका.

आधी पक्षी कसा उठतो ते बघा, बंदूक त्यावरनंच ठरते. हा अर्धा-पाऊण किलोचा पक्षी, राहतो आस्पेनच्या कोवळ्या रानात, झाडं मनगटाएवढीच जाड पण इतकी दाट की आडवं होऊन घुसावं लागतं. पायाजवळनं एकदम फर्रकन उठतो, दचकायला होतं, आणि सावरून बंदूक खांद्याला लावेपर्यंत तो मधे एखादं झाड ठेवून पसार झालेला असतो. बहुतेक बार २०-२५ यार्डांच्या आतच निघतो, तोही एक-दोन सेकंदांत. आणि दिवसभरात चाप ओढायची वेळ मोजकीच येते, बाकी सगळा वेळ नुसतं चालणं, ओंडके ओलांडणं, ओढे पार करणं. त्यामुळे माझ्या मते प्रश्न ताकदीचा नाहीच, बंदूक हलकी आहे का आणि पटकन खांद्याला लागते का एवढाच आहे.

गेजचं आधी उरकून टाकू, गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढी नळी बारीक. १२ गेजच्या हलक्या काडतुसात १ औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम छर्रे, २० गेजमध्ये पाऊण औंसाच्या थोडं वर, २५ ग्रॅमच्या आसपास. या तीन ग्रॅमसाठी पाव-अर्धा किलो जास्तीचं लोखंड दिवसभर वागवायचं? २८ गेजमध्ये २१ ग्रॅम, बंदूक हातात घेतली की खाली ठेववत नाही, पण काडतुसं महाग आणि छोट्या गावातल्या दुकानात मिळतीलच असं नाही. १६ गेजचे भक्त फार प्रेमळ असतात, त्यांच्याशी वाद घालू नका, पण काडतुसं शोधत फिरायची हौस असेल तरच त्या वाटेला जा. फोर-टेन, म्हणजे यातली सगळ्यात बारीक नळी, नवख्यांनी नकोच, पक्षी जखमी होऊन जातो. तर २० गेज. फक्त घरात १२ ची बंदूकही असेल तर दोन्हीची काडतुसं एका खिशात कधीच ठेवू नका, २० चं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे अडकतं, वरनं खालून दिसत नाही, मागनं १२ चं भरून बार काढला की नळी फुटते. २० ची काडतुसं पिवळी असतात ती यासाठीच.

आता प्रकार. पंपमध्ये दर बारानंतर पुढची मूठ हाताने मागेपुढे करून नवं काडतूस चढवायचं, सेमी-ऑटोत ते आपोआप चढतं, आणि ओव्हर-अंडर म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची बंदूक. पंपमध्ये मॉसबर्ग ५०० किंवा रेमिंग्टन ८७०, पैसे सगळ्यात कमी लागतात, चिखलात पडली, ओरखडे आले तरी जीव खालीवर होत नाही. मॉसबर्गची सेफ्टी वर अंगठ्याखाली असते, ८७० ची चापाच्या मागे आडवी, डावखुऱ्यांना मॉसबर्ग त्यामुळेच सोपी. सेकंडहँडमध्ये इथाका ३७ दिसली तर बघाच, रिकामी काडतुसं खालून पडतात आणि हलकी असते. पंपची अडचण म्हणजे गचपणात दुसऱ्या बारासाठी हात मागेपुढे करायचा, आणि पहिल्या-दुसऱ्या बाराला चोक, म्हणजे छर्रे किती पसरतील हे ठरवणारं नळीच्या तोंडाचं आवळणं, तोच.

सेमी-ऑटोमध्ये बेनेली माँटेफेल्ट्रो २० गेज सहा पौंडांच्या आतली, म्हणजे पावणेतीन किलोपेक्षा कमी, चालायला मस्त. पण मला यात एक गोष्ट खटकते, बंदूक रिकामी आहे की भरलेली हे शेजारच्याला लांबून कळत नाही. ओव्हर-अंडर बिजागरीतून उघडून हातावर टाकली की चार जणांना दिसतं, कुत्रा मध्ये असताना, ओंडका ओलांडताना याची किंमत कळते.

ओव्हर-अंडरचं बाकीचंही पटतं. मागची बॉडी आखूड असल्याने नळी २६ इंची घेतली तरी एकूण लांबी पंपपेक्षा तीन-चार इंच कमी भरते, झाडीत ते लगेच जाणवतं. दोन नळ्यांना दोन चोक लावता येतात, खाली स्कीट किंवा सिलिंडर, वर इम्प्रूव्हड सिलिंडर, तिन्ही छर्रे लवकर पसरवणारे. फुल, म्हणजे घट्ट आवळलेला चोक घरीच ठेवा, तो ४० यार्डांवर ७० टक्के छर्रे ३० इंची वर्तुळात ठेवण्यासाठी असतो, इथे एवढ्या जवळून एकतर चुकाल नाहीतर पक्षी खाण्यालायक राहणार नाही. छर्रे साडेसात किंवा ८ नंबर, पानं झडल्यावर ६ (नंबर लहान तेवढा छर्रा मोठा). फ्रँकी इन्स्टिंक्ट एसएल हलकी, बेरेटा सिल्व्हर पिजन थोडी जड आणि दोन हजार डॉलरच्या वरची. साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी नळ्यांची दुनळी दिसायला देखणी, दोन चाप असतील तर कुठली नळी हे बोटानेच ठरतं, पण चांगली स्वस्तात मिळत नाही.

दुकानात शिकारीचं जॅकेट घालून जा. विक्रेत्याला विचारून, रिकामी आहे याची खात्री करून, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. नळीवरची पट्टी चढासारखी दिसत असेल, किंवा नुसती मागची बाजूच दिसत असेल, तर ती तुमची नव्हे. बऱ्याच बंदुकांचा दस्ता चापापासून १४-साडेचौदा इंच असतो, पाच फूट पाच-सहा इंचवाल्याला तो काखेत अडकतो. मॉसबर्गची आखूड दस्त्याची बँटम घ्या, नाहीतर गनस्मिथकडून दस्ता कापून घ्या, लाजायचं काही नाही.

दोन हजार डॉलर हाताशी असतील तर २० गेजची हलकी ओव्हर-अंडर, नसतील तर २० गेजचाच पंप आणि उरलेल्या पैशांत काडतुसं आणून क्ले टार्गेटवर, म्हणजे हवेत फेकलेल्या चकत्यांवर हात बसवा. मधल्या पैशात येणाऱ्या स्वस्त ओव्हर-अंडरपेक्षा मी पंपच घेईन, स्वस्तातल्या बऱ्याचशा जड असतात.

कागदपत्रांचं: ग्रीन कार्डवाल्यांना फेडरल कायद्यात अडचण नाही, पण एच-वन-बी सारख्या व्हिसावर असाल तर एरवी बंदूक बाळगायला बंदी आहे, वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला अपवाद, तेव्हा लायसन्स आधी, बंदूक नंतर. मिशिगनमध्ये १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्यासाठी हंटर सेफ्टीचा कोर्स लागतो. ग्राऊसच्याच रानात वुडकॉकही उठतो, तो स्थलांतरित पक्षी असल्याने त्याच्यावर बार काढायचा तर बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं बसता कामा नयेत. पंप किंवा ऑटो घेतली असेल तर मॅगझिनमधला प्लग, म्हणजे जास्तीची काडतुसं बसू न देणारी दांडी, काढून फेकू नका.