नौपाड्यातला रविवारचा इंग्रजी वर्ग: दोन तास आणि एकच क्रियापद

स्पोकन इंग्लिशच्या बहुतेक क्लासमध्ये फ्रेझल व्हर्बची, म्हणजे ‘अप’, ‘ऑन’सारखा छोटा शब्द जोडून बनलेल्या क्रियापदांची, यादी हातात ठेवतात. डावीकडे क्रियापदं, उजवीकडे अर्थ, पुढच्या आठवड्यापर्यंत पाठ करून या. गोखले रोडच्या मागच्या गल्लीत भरणारा हा वर्ग तसं करत नाही. एका सत्रात एकच क्रियापद घेतात आणि ते तोंडात बसेपर्यंत सोडत नाहीत. सत्र दोन तासांचं, फी २५० रुपये, फार तर सोळा जण. हे परीक्षण ‘पिक अप’च्या सत्राचं.

निवड उत्तम आहे, कारण हा शब्द ठाण्यात कुणालाच नवा नाही. ऑफिसच्या गाडीचा पिकअप पॉइंट, कुरिअरचं पिकअप, घाटात गाडी पिकअप घेत नाही, हे सगळं आपण रोज बोलतो. घोळ तिथूनच सुरू होतो. मराठीत ‘पिकअप’ हा अख्खा एक शब्द धरून आपण त्याला ‘करणे’ जोडतो. मग ‘मला तीन हात नाक्यावरून पिकअप कर’ हे मनात धरून इंग्रजी बोलायला गेलं की ‘पिक अप मी फ्रॉम तीन हात नाका’ असं निघतं. हवं असतं ‘पिक मी अप फ्रॉम तीन हात नाका’. मी, हिम, हर, इट, देम, अस यांपैकी काहीही असलं तर ते ‘पिक’ आणि ‘अप’च्या मध्येच बसतं, दुसरी जागा नाही. नाम असेल तर दोन्ही चालतं: ‘पिक अप द पार्सल’ किंवा ‘पिक द पार्सल अप’. पण कर्म लांबलचक असेल, म्हणजे ‘दुसऱ्या गेटजवळ ठेवलेली निळी बॅग’ असं काही, तर ‘पिक अप’ एकत्र ठेवून कर्म शेवटी घ्यावं. नाहीतर ‘अप’ येईपर्यंत ऐकणारा वाक्याचा धागा विसरतो.

हा नियम फळ्यावर लिहून वर्ग पुढे सरकत नाही, आणि त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच. टेबलावर वस्तू मांडलेल्या असतात. बाई एकेकीवर बोट ठेवतात आणि समोरच्याने नाव न घेता वाक्य म्हणायचं. डबा, छत्री, पाकीट: ‘पिक इट अप’. इथवर सोपं. मग कात्री येते, चष्मा येतो. मराठीत दोन्ही एकवचनी, म्हणून तोंडातून ‘इट’ सुटतं. पण सिझर्स आणि ग्लासेस इंग्रजीत अनेकवचनी, तेव्हा ‘पिक देम अप’. त्यानंतर तीन पिशव्यांचा ढीग. बॅग्ज म्हटलं तर ‘देम’, लगेज म्हटलं तर ‘इट’, कारण लगेजचं अनेकवचन होत नाही. इथे जवळजवळ प्रत्येक जण अडखळतो. वस्तू समोर असल्यामुळे चूक तिथल्या तिथे कळते आणि दुसऱ्या फेरीत बरीचशी सुटलेली असते.

अर्थांच्या भागात फोनचा वापर चांगला घेतला. समोरचा फोन उचलत नसेल तर ‘ही इज नॉट पिकिंग अप’, बस. कर्म हवंच असेल तर ‘फोन’ घ्यावं. ‘कॉल’साठी ‘आन्सर’ जास्त बरं. ‘रिसीव्ह’बद्दलही बाई स्पष्ट बोलल्या: स्टेशनवर घ्यायला येतो या अर्थी ‘आय विल कम टू रिसीव्ह यू’ आपल्याकडे सर्रास चालतं, पण परदेशी क्लायंटशी बोलताना ‘आय विल पिक यू अप’ म्हणावं.

पाऊस, वारा, धंदा यांनी जोर धरला की कर्म लागतच नाही: ‘द रेन पिक्ड अप आफ्टर कळवा’, ‘सेल्स पिक्ड अप बिफोर दिवाळी’. कानावर पडून शिकलेल्या भाषेलाही ‘पिक अप’ चालतं. सोसायटीतल्या शेजाऱ्यांकडून कुणी मराठी उचलली तर ‘शी पिक्ड अप मराठी’. मात्र रीतसर कोर्स करून टॅली शिकलात तर बायोडेटात ‘लर्न्ड’च लिहा. आजाराचंही तसंच. सर्दी किंवा संसर्ग ‘पिक अप’ होतो, मधुमेह होत नाही, कारण तो कुणाकडून लागत नाही.

आता उणिवा. हाती दिलेल्या कागदावर ‘पिक’ आणि ‘पिक अप’ एकाच ओळीत समानार्थी म्हणून छापलेत. ही चूक दुरुस्त व्हायलाच हवी. ‘पिक’ म्हणजे निवडणे किंवा फूल-फळ तोडणे. ‘आय पिक्ड द पार्सल’ ऐकणाऱ्याला वाटेल, चारपाच पार्सलांतून हे निवडलं. ‘पिक अप ऑन’ (एखादी गोष्ट ताडणे, लक्षात येणे) शेवटी घाईत घेतलं आणि त्याची शब्दरचना वेगळी आहे हे सांगितलंच नाही. तासभर ‘इट’ मध्ये घालण्याचा सराव झाल्यावर लोक अर्थातच ‘शी पिक्ड इट अप ऑन’ म्हणू लागले. बरोबर वाक्य ‘शी पिक्ड अप ऑन इट’. हा प्रकार निराळ्या सत्रात घ्यावा, नाहीतर आधीचं शिकवलेलंही ढवळून निघतं.

उच्चाराला जेमतेम दहा मिनिटं मिळाली. क्रियापदात ‘पिक इट अप’ म्हणताना जोर ‘अप’वर येतो, नामात तो ‘पिक’वर. लिहिताना क्रियापद दोन शब्दांत, नाम जोडून. ऑफिसच्या मेलमध्ये ‘प्लीज पिकअप द फाइल’ जोडून लिहिलेलं फार दिसतं. भूतकाळाचा ‘ड’ इथे ‘ट’सारखा उच्चारतात आणि पुढच्या स्वराला चिकटवतात, म्हणून ‘पिक्ड अप’ कानाला ‘पिक्टप’ असं येतं. हे आधी सांगितलं असतं तर कॉलवर समोरच्याचं बोलणं कळणं सोपं गेलं असतं. निदान दोन-तीन रेकॉर्डिंग ऐकवायला हवी होती.

नववी-दहावीच्या व्याकरणाच्या मार्कांसाठी मुलांना पाठवत असाल तर उपयोग कमी, कारण इथे लेखी सराव नाहीच. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत फोनवर बोलावं लागणाऱ्यांना, डिलिव्हरी किंवा ट्रॅव्हल्सचं काम करणाऱ्यांना पैसे वसूल. स्टेशनच्या पश्चिमेकडून चालतच जा, गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही. बसायला लाकडी बाक आहेत आणि पंखा मोठा आवाज करतो, तेव्हा पुढच्या दोन ओळींतच बसा.