ऑइल सँड्सचे शेअर घेताय? आधी ही फुकटातली रजिस्ट्री उघडा (पाचपैकी चार तारे)

कॅनडा सरकारची इम्पॅक्ट असेसमेंट रजिस्ट्री, म्हणजे मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय तपासणीचे कागद ठेवणारी वेबसाइट, मी अनेक वर्षं वापरतेय. ऑइल सँड्स म्हणजे अल्बर्टातली तेलमिश्रित वाळू. मी कॅल्गरीत अकाउंटंट आहे आणि माझ्या आरआरएसपीत (निवृत्तीच्या बचत खात्यात) सनकोर आहे, कॅनेडियन नॅचरलही आहे, दोन्ही ऑइल सँड्समधल्या कंपन्या. इथल्या आपल्या मंडळींत पैशांचा विषय निघाला की "पर्यावरणवाल्यांनी अडवलं" हे हमखास ऐकू येतं. नेमकं काय अडलं, कुठे अडलं, हे मात्र फार कमी जण बघतात. ते बघायची जागा ही.

नमुन्यादाखल फ्रंटियर खाणीची फाइल काढा. टेक रिसोर्सेस या खाण कंपनीचा हा ऑइल सँड्स प्रकल्प अल्बर्टातल्या फोर्ट मॅकमरीच्या उत्तरेला, वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानापासून जवळ होणार होता. दिवसाला २,६०,००० पिंपं तेल, खर्च २०.६ अब्ज डॉलर. अर्ज २०११चा, केंद्र आणि अल्बर्टा यांच्या संयुक्त तपासणी समितीची सुनावणी २०१८ची, अहवाल जुलै २०१९चा. अहवाल हजारावर पानांचा आहे, पण सारांश आणि निष्कर्ष तेवढे नीट वाचले तरी पुष्कळ कळतं. प्रकल्प जनहिताचा आहे असं समितीनं म्हटलं आणि बातम्यांत तेवढंच आलं. त्याच अहवालात पाणथळ जागा, जुनी जंगलं, रोनाल्ड लेकचा बायसनचा कळप आणि आदिवासी समाजांचे हक्क यांना गंभीर बाधा पोचेल, असंही स्पष्ट लिहिलंय. म्हणजे शिफारस मिळाली तरी खरा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाकडे गेला होता, आणि तिथे काहीही होऊ शकलं असतं. मंत्रिमंडळाचा निर्णय अगदी तोंडावर असताना, २३ फेब्रुवारी २०२० रोजी टेकनं स्वतःच अर्ज मागे घेतला आणि १.१३ अब्ज डॉलरवर पाणी सोडलं. तेव्हा तेल पिंपामागे पन्नास डॉलरच्या आसपास, म्हणजे स्वस्तच होतं, हेही विसरू नये. पण सीईओ डॉन लिंडसे यांच्या पत्रात भर होता तो हवामान धोरणावर: हवामान आणि खनिज उत्पादन यांचा मेळ घालणारी चौकट गुंतवणूकदारांना हवी आहे, असं त्यांनी लिहिलं. नऊ वर्षांचा हा सगळा प्रवास कागदोपत्री बघायला मिळतो. विश्लेषकांच्या कुठल्याही दोन पानी टिपणात तो मावत नाही.

एक तारा कापला तो व्याप्तीसाठी. वाफ सोडून जमिनीखालूनच तेल काढणारे बहुतेक प्रकल्प इथे सापडत नाहीत, त्यांच्यासाठी अल्बर्टा एनर्जी रेग्युलेटर या प्रांतिक नियामकाकडे जावं लागतं. पाइपलाइनचे कागद बघायला कॅनडा एनर्जी रेग्युलेटर या केंद्रीय नियामकाचं रेगडॉक्स हे संकेतस्थळ. तो कंटाळा करू नका, कारण पाइपलाइन अडली की झळ खाणवाल्यांच्या शेअरला लागते. अल्बर्टातून पश्चिम किनाऱ्यावर तेल नेणारी ट्रान्स माउंटन पाइपलाइन वाढवायची होती, तिच्या तपासणीत टँकरची सागरी वाहतूक प्रकल्पाच्या कक्षेबाहेर ठेवली होती. ती त्रुटी आणि आदिवासी समाजांशी झालेली अपुरी चर्चा, या दोन कारणांवरून फेडरल कोर्ट ऑफ अपीलनं ३० ऑगस्ट २०१८ रोजी मंजुरी रद्द केली. पाइपलाइनची तेव्हाची मालक किंडर मॉर्गन कॅनडा, तिचे भागधारक सुटले: त्याच दिवशी त्यांनी ४.५ अब्ज डॉलरना पाइपलाइन सरकारला विकायला मान्यता दिली. तेल बाहेर न्यायला पाइपलाइनच पुरेना, आणि त्याच शरद ऋतूत वेस्टर्न कॅनेडियन सिलेक्ट हे इथलं जड तेल अमेरिकी तेलापेक्षा पिंपामागे चाळीस डॉलरहूनही स्वस्त विकलं गेलं. मग जानेवारी २०१९पासून अल्बर्टा सरकारनं उत्पादनावरच मर्यादा घातली. वाढीव पाइपलाइन सुरू व्हायला मे २०२४ उजाडलं आणि खर्च ३४ अब्जांवर गेला.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की घाईघाईत उरकलेली मंजुरी बघून खूश होऊ नका. तपासणीत काय वगळलंय ते आधी शोधा, कोर्टात बोट ठेवलं जातं ते तिथेच. सखोल तपासणीला वेळ लागतो, पण मला माझ्या पैशांसाठी तीच हवी आहे.

सध्या सनकोरच्या बेस माइन एक्स्टेन्शनची (खाण वाढवण्याच्या प्रकल्पाची) फाइल जरूर वाचा. २०२२ साली पर्यावरणमंत्री गिलबो यांनी या प्रकल्पाचे परिणाम अस्वीकार्य ठरण्याची शक्यता आधीच बोलून दाखवली होती. आणि कंपनीची जुनी खाण पुढच्या दशकात संपत येणार आहे.