पिकअपच्या हौद्याला स्प्रे लायनर: दहा महिने वापरल्यावर

फेब्रुवारीत आमच्या पिकअपच्या हौद्याला स्प्रे लायनर, म्हणजे पत्रा वाचवायला गननं फवारायचा खरखरीत थर, मारून घेतला, आता डिसेंबर चालू आहे, म्हणजे एक अख्खा पावसाळा आणि नव्या गुळाच्या खेपा त्यावरनं जाऊन झाल्यात. मुद्दाम थांबलो होतो लिहायला, कारण पहिल्या आठवड्यात कुठलाही लायनर लई भारीच दिसतो.

आमची गाडी सीझनला गुऱ्हाळावरनं कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गूळ टाकते, ३० किलोचे रवे (गुळाच्या ढेपा) आणि वर काकवीचे डबे, बाकी वर्षभर खत आणि शिरोली एमआयडीसीतलं फौंड्रीचं कास्टिंग. तिन्ही पत्र्याचे वैरी. कास्टिंग रंग खरवडतं, पोटॅशच्या पोत्यातनं सांडलेल्या दाण्यात क्लोराइड असतं ते गंजाला जोर देतं, आणि काकवी सांडली की हवेतला ओलावा ओढून घेते त्यामुळं खालचा पत्रा नीट वाळतच नाही. चार वर्षांत पुढचा कोपरा फुगायला लागला तेव्हा ठरवलं.

मटेरियल टू-कंपोनंट पॉलियुरेथेन, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचं, साध्या कॉम्प्रेसरवर गननं मारायचं. लायनरचा दुसरा प्रकार पॉलियुरिया, त्याला मटेरियल गरम करून जास्त प्रेशरनं मारणारी वेगळी मशीन लागते, ती आपल्याला जमण्यातली नव्हती. पण खरं सांगायचं तर मटेरियलवर बोलण्यासारखं थोडंच आहे. मारायला अर्धा दिवस लागला, त्याच्या आधी हौदा तयार करायला तीन दिवस, आणि आज जे टिकलंय आणि जे सुटलंय ते सगळं त्या तीन दिवसांतलं आहे.

फाळका (मागचं उघडणारं दार) काढला, हुक काढले, रबर काढलं, नट-बोल्ट खोलले. मग पेंटरनं सरळ थिनरनं पुसायला घेतलं. पुसल्यावर एकदम स्वच्छ दिसत होतं, पण बोट लावलं तर चिकट. साखर थिनरमध्ये विरघळत नाही राव, ती पाण्यातच विरघळते! मग थांबवलं, गरम पाणी, साबण, ब्रश, असं दोनदा धुतलं, दिवसभर उन्हात वाळवलं, आणि मग ग्रीस काढायचं सॉल्व्हंट, एका फडक्यानं ओलं पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपायचं, नाहीतर ग्रीस नुसतं पसरतं. हे सगळं घासायच्या आधी, कारण आधी घासलं तर पॉलिश पेपर तेच तेल चरांमध्ये दाबून बसवतो. गूळ, काकवी, दूध, असलं काही वाहणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवाच: आधी पाणी, मग सॉल्व्हंट, मग पेपर.

घासताना ८० नंबरचा पेपर वापरला. कंपनीचा रंग जिथं घट्ट आहे तिथं पत्र्यापर्यंत जायचं कारण नाही, नुसती चमक पूर्ण गेली पाहिजे, तो रंगच चांगला बेस आहे. गंज असेल तिथं मात्र उघडा पत्रा लागेपर्यंत जायचं. नुसता वायर ब्रश फिरवला तर गंज चकाकतो पण खड्ड्यात काळा ठिपका तसाच राहतो, आम्ही ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (घासायची चकती) लावली आणि उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर मारला. हौद्याच्या पत्र्यातल्या पन्हाळींच्या (लांब खाचांच्या) कडा मशीननं होत नाहीत, त्या हातानंच घासायच्या, कंटाळा येतो पण पर्याय नाही.

फेब्रुवारी निवडला ते हवेसाठी. याच्या हार्डनरला पाणी लागलं की गॅस होतो आणि कोटमध्ये बुडबुडे येतात, त्यामुळं कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे काम काढूच नका. थंडीत सुद्धा सकाळी पत्र्यावर दव असतं, आम्ही अकरा वाजता ऊन तापल्यावर सुरू केलं, आणि कॉम्प्रेसरच्या लाइनला पाणी अडवणारा फिल्टर लावला.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फवारा छातीत गेला तर कायमचा दमा लागू शकतो. गॅरेजमधला पोरगा रुमाल बांधून गन धरायला निघाला होता, मी काम थांबवलं आणि ताजी हवा पुरवणारा मास्क भाड्यानं आणला. रुमाल किंवा धुळीचा मास्क याला काही कामाचा नाही. पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

आता दहा महिन्यांनंतरचं. मधला तळ एक नंबर आहे. कास्टिंग आपटल्याचे वण आहेत पण पत्रा कुठं दिसत नाही, रवे घसरत नाहीत, रिकाम्या गाडीचा खडखडाट बराच कमी झालाय. तक्रारी म्हणाल तर, खरखरीत असल्यानं पोती ओढता येत नाहीत, उचलावी लागतात, हमाल वैतागतात. खताची पूड लायनरच्या त्या खरखरीत दाण्यांत अडकते, नुसत्या पाइपनं निघत नाही, ब्रश लागतो. बाजूच्या वरच्या कडा उन्हानं करड्या पडल्यात.

आणि तीन जागी सुटलंय. पहिली जागा म्हणजे पुढचा डावा कोपरा, काकवीचे डबे तिथंच असतात, तळहाताएवढा तुकडा उठला. ओढून काढला तर खाली जोडाच्या फटीत जुनी काकवी तशीच चिकट होती, ब्रश तिथपर्यंत पोचलाच नव्हता. दुसरी जागा फाळक्याची कड, तिथली मास्किंग टेप कोट ओला असताना काढायची राहिली, दुसऱ्या दिवशी ओढली तर कडच फाटली आणि तिथनं पाणी शिरलं. तिसरी, एक जाम झालेला बोल्ट खोलला नाही, तसाच वरनं मारला, त्याच्याभोवती पावसाळ्यात गंजाचं कडं आलं. तिन्ही ठिकाणी आम्ही काय सोडलं होतं ते मला नेमकं आठवतंय, त्यामुळं मटेरियलला दोष देता येत नाही.

दिवाळीआधी कोपरा परत केला. सुटलेलं सगळं घट्ट लागेपर्यंत कापलं, फटीत गरम पाणी सोडून टूथब्रशनं घासलं, वाळवलं, प्रायमर, फटीला सीलर, आणि कडेचा जुना लायनर घासून त्यावर नवीन चढवला. अजून तरी धरून आहे. बोल्ट कापून काढलाय, नवीन टाकणार. फाळक्याचं काम मार्चमध्ये काढेन, गुळाच्या खेपा कमी झाल्या की.