कळव्यातले वायरिंगवाले काका: जुनी बुलेट असेल तर इथेच जा

बाबांची १९९८ ची बुलेट. उजवा इंडिकेटर ठणठणीत, डावा नुसता पेटून राहायचा, लुकलुकायचा नाही. आधीच्या गॅरेजने नवा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बसवला, तरी तेच. मग म्हणे "अख्खं वायरिंग बदला". कळवा नाक्याकडच्या या काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दोन्ही बाजूंना फ्लॅशर एकच ना? मग उजवा चालतोय म्हणजे तो बरा आहे."

टेस्ट लॅम्प लावला, मागच्या होल्डरपर्यंत करंट येत होता. मग वायरचा एक तुकडा इंडिकेटरच्या दांडीवरून चेसिसच्या बोल्टला टेकवला आणि लागला की लुकलुकायला! मडगार्ड रंगवताना नटाखाली रंग गेला होता. या गाडीत अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट, दांडीतूनच होतं आणि रंगाने तीच अडवली होती. पॉलिश पेपरने रंग खरवडला, स्टार वॉशर टाकला, झालं काम. एलईडी बल्ब मागितले तर नाही म्हणाले: जुना फ्लॅशर १० वॅटच्या बल्बांच्या लोडवर चालतो, एलईडीला वेगळा लागेल.

घेतले दीडशे रुपये. दुकान म्हणजे जेमतेम टपरी, गाडी रस्त्यावरच लावावी लागते. संध्याकाळी रिक्षावाल्यांची रांग असते, सकाळी जा. आणि घाई करू नका, ओरडतात.