केप्लर की टेस? पहिल्या अभ्यासासाठी कोणाचा डेटा घ्यावा

ताऱ्यांच्या प्रकाशवक्रांवर, म्हणजे ताऱ्याचं तेज वेळेनुसार कसं बदलतं त्याच्या आलेखांवर, काम करायचं ठरवलं की हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात समोर येतो. केप्लर आणि टेस या नासाच्या दोन्ही अवकाश दुर्बिणींचा डेटा मास्ट या ऑनलाइन संग्रहात मोफत मिळतो आणि पायथनचं लाइटकर्व्ह पॅकेज दोन्हींच्या फायली सारख्याच सहजतेने उघडतं. त्यामुळे प्रश्न उरतो तो एवढाच, की आपले पुढचे सहा महिने कशावर घालवायचे. मी सुरुवात टेसवर केली, मग केप्लरकडे वळलो आणि आता बहुतेक वेळ तिथेच असतो. तुमची गरज वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

टेसच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. २०१८च्या एप्रिलमध्ये गेलेली ही दुर्बीण दर सुमारे २७ दिवसांनी आकाशाचा नवा पट्टा (सेक्टर) घेते, आणि पूर्ण चौकटीची चित्रं खाली पाठवते. म्हणजे तुमच्या मनातला तारा कोणी आधी यादीत घातला होता की नाही, याची फिकीर नाही. तो पट्ट्यात असेल आणि पुरेसा तेजस्वी असेल तर त्याचा प्रकाशवक्र तुम्ही स्वतः काढू शकता. ही चित्रं सुरुवातीला ३० मिनिटांची होती, मग १० मिनिटांची झाली, आता २०० सेकंदांची येतात. निवडक ताऱ्यांचं तर दोन मिनिटांनी मोजमाप मिळतं. शिवाय तारे तेजस्वी असल्यामुळे एखादी गोष्ट सापडली तर जमिनीवरच्या लहान दुर्बिणीतून तिचा पाठपुरावा करता येतो. केप्लरचे बहुतेक तारे चौदाव्या-पंधराव्या प्रतीचे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद), तिथे हे फार अवघड जातं.

एवढं असूनही मी टेसपासून दूर का गेलो? एकाच गोष्टीमुळे: पिक्सेल.

टेसचा एक पिक्सेल आकाशातला २१ आर्कसेकंदांचा चौकोन व्यापतो (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). केप्लरचा जेमतेम ४ आर्कसेकंदांचा. कागदावर हा फरक वाचून कोणी दचकत नाही, मीही दचकलो नव्हतो. पण क्षेत्रफळ काढून पाहा. टेसच्या एका पिक्सेलमध्ये केप्लरचे सत्तावीस-अठ्ठावीस पिक्सेल मावतात. यात टेसचा दोष नाही. चार कॅमेरे, प्रत्येकाचं भिंग अवघं १०.५ सेंटिमीटर, आणि प्रत्येकाला २४ अंश बाय २४ अंश आकाश दाखवायचं. जवळजवळ सगळं आकाश धुंडाळायचं तर पिक्सेल मोठे ठेवणं भागच होतं. पण त्याची किंमत डेटा वापरणाऱ्याला मोजावी लागते.

मी एका ताऱ्याचा एकाच सेक्टरचा, दोन मिनिटांचा डेटा घेऊन बसलो होतो. तीन दिवसांच्या आसपास आवर्तनकाल आणि साधारण एक टक्का खोलीचा खळगा, म्हणजे तेवढ्या-तेवढ्या दिवसांनी ताऱ्याचं तेज एक टक्का उतरत होतं. फोल्ड केल्यावर, म्हणजे सगळी आवर्तनं एकावर एक ठेवल्यावर, पडद्यावर जे उमटलं ते पाहून झोप उडाली. एक टक्का म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गुरूएवढा ग्रह गेल्यावर पडेल तेवढा खळगा. त्याचा तळ जरा टोकदार वाटत होता, पण मी ते गोंगाटावर ढकललं. सम आणि विषम खळगे वेगळे काढून पाहिले (जोडताऱ्यात त्यांची खोली बहुधा वेगळी निघते), खोली सारखीच. तीन आठवडे मी मॉडेलं बसवत होतो.

मग गाया या युरोपीय अवकाश दुर्बिणीच्या तारायादीतले शेजारी तारे त्या चित्रावर टाकून पाहिले. २५ आर्कसेकंदांवर आणखी एक तारा होता, चार प्रतींनी मंद. चार प्रती म्हणजे प्रकाशात चाळीसपट फरक. आता हिशेब करा: तो मंद तारा पिधानकारी जोडतारा (एकमेकांना झाकणाऱ्या दोन ताऱ्यांची जोडी) असेल आणि पिधानात त्याचा ४० टक्के प्रकाश जात असेल, तर दोघांच्या एकत्रित प्रकाशात तो खळगा किती दिसेल? एक टक्का. माझा ‘गुरू’ तोच होता. खात्री करायला पिक्सेलनिहाय प्रकाशवक्र काढले. मुख्य ताऱ्याच्या मधल्या पिक्सेलमध्ये खळगा उथळ, आणि शेजाऱ्याच्या बाजूच्या कडेच्या पिक्सेलमध्ये तोच कितीतरी खोल. प्रश्नच मिटला.

पीडीसीसॅप प्रवाह, म्हणजे मोहिमेने आधीच दुरुस्त करून दिलेलं तेज, वापरला की शेजाऱ्यांचा प्रकाश वजा होतो, असं मला वाटत होतं. होतो, पण तो सरासरीचा. खळगा नेमक्या कोणत्या ताऱ्याचा आहे, हे ती वजावट सांगू शकत नाही. त्यानंतर टेसच्या प्रत्येक ताऱ्यासाठी मी आधी गायाची यादी लावायला लागलो. आकाशगंगेच्या पट्ट्याजवळचा तारा असेल तर त्या २१ आर्कसेकंदांत इतकी गर्दी असते की विज्ञान बाजूला राहतं आणि दिवस शेजाऱ्यांची चौकशी करण्यात जातो. अनुभवी माणसाला हे जमून जातं. पहिल्यांदा हात घालणाऱ्याचा मात्र यातच उत्साह संपतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

केप्लरमध्ये अशी फसवणूक होतच नाही, असं नाही. तिथेही पार्श्वभूमीतल्या जोडताऱ्यांनी भल्याभल्यांना चकवलं आहे. पण पिक्सेल लहान असल्यामुळे खळग्याच्या वेळी प्रकाशाचा मध्य सरकतो का, हे तपासता येतं आणि बहुतेकदा उत्तर लवकर मिळतं.

आणि मग ती चार वर्षं. २००९ ते २०१३ या काळात केप्लरने हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांमधला एकच तुकडा धरून ठेवला होता. दीड लाखाहून अधिक तारे, दर सुमारे साडेएकोणतीस मिनिटांनी एक मोजमाप. टेसच्या २७ दिवसांची सवय झालेल्या माणसाने हा प्रकाशवक्र पहिल्यांदा उघडला की तो बराच वेळ नुसता पाहतच बसतो. ४० दिवसांत स्वतःभोवती फिरणारा तारा टेसच्या एका सेक्टरमध्ये अर्धवटच दिसतो. इथे त्याचे डाग उगवताना, सरकताना आणि विरताना दिसतात. टेसला कदंबांच्या (क्रांतिवृत्ताच्या ध्रुवांच्या) आसपासच्या पट्ट्यात जवळजवळ वर्षभराचा सलग डेटा मिळतो हे खरं, पण तो आकाशाचा छोटा भाग. शिवाय पृथ्वी-चंद्राचा विखुरलेला प्रकाश अधूनमधून पार्श्वभूमी वर उचलतो तो वेगळाच.

केप्लरचे त्रासही सांगायला हवेत. साधारण दर ९० दिवसांनी यान ९० अंशांनी वळायचं, त्यामुळे तारा दुसऱ्या सीसीडीवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश-संवेदकावर) जायचा आणि प्रकाशवक्राला पायरी पडायची. या तिमाह्या जोडताना हात सैल सोडला तर दीर्घ आवर्तनकाल पुसले जातात. जानेवारी २०१० मध्ये मॉड्यूल ३ (सीसीडींचा एक संच) बंद पडलं, म्हणून काही ताऱ्यांची दर चौथी तिमाही कोरी आहे. अर्ध्या तासाच्या मोजमापात लहान अधिक्रमणांच्या (ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याच्या) कडा विरघळतात. तिथे टेसचा दोन मिनिटांचा डेटा निर्विवाद सरस. आणि केप्लरने निवडलेल्या ताऱ्यांभोवतीचेच पिक्सेल पाठवले, त्यामुळे यादीत नसलेला तारा मिळणार नाही. यान स्थिर धरणारी चक्रं निकामी झाल्यानंतरच्या केटू मोहिमेचा डेटा मात्र सुरुवातीला टाळलेला बरा. यान दर सहा तासांनी जागेवर आणताना प्रकाशवक्राला पडणाऱ्या करवतीच्या दात्यांशी झुंजण्यात शिकण्यासारखं आहे, पण ते नंतर.

‘केप्लर जुना झाला, सगळ्यांनी चाळून झाला’ हा आक्षेप मी खूपदा ऐकतो. तो मला पटत नाही. केप्लर-९० भोवतीचा आठवा ग्रह डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झाला, तो याच चार वर्षांच्या डेटात न्यूरल नेटवर्क लावून. केआयसी (केप्लरची तारायादी) ८४६२८५२ या ताऱ्याचे २२ टक्क्यांपर्यंतचे वेडेवाकडे खळगे प्लॅनेट हंटर्स या ग्रहशोध प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी डोळ्यांनी पाहून ओळखले. केप्लरच्या पिधानकारी आणि तत्सम जोडताऱ्यांच्या यादीतच २,८०० हून अधिक नोंदी आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकीवर कोणी महिनाभर बसलं आहे असं अजिबात नाही.

तेव्हा तुम्हाला ताजा डेटा हवा असेल, तेजस्वी तारे हवे असतील, स्वतःची दुर्बीण वापरायची असेल, तर टेस घ्या आणि गायाची यादी कायम शेजारी ठेवा. काहीच ठरलं नसेल, तर माझं मत केप्लरच्या यादीतल्या एखाद्या जोडताऱ्याला. मी सध्या तेच करतो आहे. माझ्या ताऱ्याची पिधानं कधी काही मिनिटं लवकर होतात, कधी उशिरा, आणि चार वर्षांत ही वेळ संथपणे वर-खाली होताना दिसते. कोणी तिसरा त्या जोडीला ओढतो आहे का, ते शोधतोय. टेसने २०१९ मध्ये हाच तुकडा पुन्हा पाहिला, म्हणून शेवटचे बिंदू तिथून घेतले. पिधानं तिथे शेजाऱ्यांच्या प्रकाशामुळे उथळ दिसतात, पण मध्यवेळा चांगल्या निघतात. फक्त दोन्ही एका आलेखावर घेताना कालमापनाचा आरंभ पाहा: केप्लर ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी) २४५४८३३ पासून मोजतो, टेस २४५७००० पासून. टेसच्या वेळेत २,१६७ दिवस मिळवल्याशिवाय बिंदू जागेवर बसणार नाहीत.