"चुकून जास्त पाठवले" म्हणणाऱ्यापासून सावध

तारकर्ली-देवबागात खोल्या देणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा आणि घरात जो फोन उचलतो त्यालाही वाचून दाखवा. माझे 22,500 रुपये गेले.

ऐन सीझनला दोन खोल्यांसाठी फोन आला. मासे ताजे असतात का, स्कूबाचे किती घेतात, सगळी चौकशी केली. आगाऊ 2,500 ठरले. थोड्याच वेळात मेसेज आला, खात्यात 25,000 जमा. पाठोपाठ फोन, "काका, एक शून्य जास्त पडलं हो. आई दवाखान्यात आहे, बाकीचे लगेच टाका." मी आधी 15,000 टाकले, मग 7,500.

तो खोटा मेसेज अजून फोनमध्ये आहे, बघितला की डोकं फिरतं. बँकेचा मेसेज बँकेच्या नावाने येतो. हा साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून होता, खाली शिल्लकही नव्हती. पण खळ्यात पंगत बसलेली, तव्यावर सुरमई आणि त्याचे फोनवर फोन. शिल्लक बघायला गेलो तर "थोड्या वेळाने प्रयत्न करा". पैसे पाठवायला मात्र तेच अ‍ॅप झटकन चाललं! पर्यटकाचे पैसे दाबले असं नाव झालं तर आमच्याकडे कोण येणार?

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मलाही माहीत होतं. इथे तर त्याने घ्यायचं नाव न काढता परत मागितले.

बँकेत पहिला प्रश्न, "पिन तुम्हीच टाकलात ना?" वर रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक दाखवलं, ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच. ठाण्यात म्हणाले, सायबरवाल्यांकडे जिल्ह्याला जा. तिथे म्हणाले, स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणा. शिक्क्याचे साहेब रजेवर! अहो, चोराचं खातंही कुठल्यातरी बँकेनेच कागद बघून उघडलं ना? तिला जाब कोण विचारणार? सगळी उलटतपासणी माझीच.

जास्त पैसे आले म्हणाला तर सांगा, तुझ्या बँकेत तक्रार कर. स्क्रीनशॉटवर खोली देऊ नका. गेलेच तर बँकेच्या आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे त्या खात्यात असेपर्यंतच अडवता येतात. व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा. मी तो शोधेपर्यंत पैसे पुढच्या खात्यात गेले होते.